बदलापूरच्या पुढचं उपकेंद्र

बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, सकाळपाळीला निघालेल्या सिस्टर हमखास भेटतात. सातच्या ड्यूटीला परळला किंवा सायनला हजर व्हायचं तर पाचच्या आसपास घर सोडावं लागतं. मुंबईत घर घेणं आवाक्याबाहेर गेलं तशी नोकरदार कुटुंबं आधी उल्हासनगर-अंबरनाथला आणि मग बदलापूरला येऊन राहिली. २००१ मध्ये बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईतली मोठी रुग्णालयं चालतात ती या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांच्या जिवावर, आणि त्यांत नर्स आल्याच.

त्याच स्टेशनातून कर्जतच्या बाजूला निघालं की पुढचं स्टेशन वांगणी, दहा-बारा मिनिटांवर. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्याखाली उपकेंद्रं आहेत, आणि आजूबाजूला डोंगराच्या पायथ्याला ठाकर-कातकरी वाड्या आहेत. मलंगगडाच्या बाजूला मांगरूळचं आरोग्य केंद्र आहे, त्याची तीच तऱ्हा. या गावांत रात्री कुणा बाईला कळा सुरू झाल्या तर पहिला प्रश्न असतो, सिस्टर आहे का. रोज एकेरी पंचावन्न-साठ किलोमीटर उभ्याने प्रवास करून मुंबईची नोकरी टिकवणाऱ्या नर्स ज्या गावात राहतात, तिथून दहा किलोमीटरवर हा प्रश्न पडतो.

ग्रामीण भागात नर्स टिकत नाहीत असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, भामरागड येतो, धडगाव येतं. दुर्गमता हे उत्तर मग आपोआप मिळतं आणि विचार तिथेच थांबतो. म्हणून या प्रकरणासाठी मुद्दाम अंबरनाथ तालुका घेतला आहे. इथं रेल्वे आहे, डांबरी रस्ते आहेत, मोबाइलला रेंज आहे. अंतराची सबब इथं चालत नाही. तरीही नर्स गावात राहायला तयार नसेल तर कारण अंतरात नसून आपण तिला देऊ केलेल्या नोकरीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी ही नोकरी कशी उभी राहिली ते पाहू. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. समितीने १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक नर्स असावी असं उद्दिष्ट सुचवलं होतं. पूर्ण शिकलेल्या नर्स इतक्या लवकर तयार होणार नव्हत्या, म्हणून कमी मुदतीचं शिक्षण घेतलेली एएनएम पुढे आली, म्हणजे आपली आरोग्य सेविका. मुळात तिचं काम बाळंतपणाचं. १९७३ मध्ये कर्तार सिंग समितीने तिला बहुउद्देशीय केलं आणि तेव्हापासून तिच्या खांद्यावरचं ओझं वाढतच गेलं. आजचा निकष असा: सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० किंवा २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. वांगणीची केस बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात जाते, तिथं जमलं नाही तर उल्हासनगर कॅम्प तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयात, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर कळवा किंवा थेट मुंबई. खालच्या पायरीवर जे काम झालं नाही ते वरच्या पायरीवर जाऊन साचतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा शहापूर-मुरबाडपासूनचे अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या घटकेला तिथं येतात हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

आरोग्य सेविका काय करते हे शहरातल्या वाचकाला नीट ठाऊक नसतं. दिवाळीनंतर बदलापूर-वांगणीच्या आसपास वीटभट्ट्या पेटतात आणि कातकरी कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर राहायला येतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. या पोरांचं लसीकरण गावाच्या यादीत बसत नाही, म्हणून सेविकेला भट्टीवर जावं लागतं. सकाळी आरोग्य केंद्रातून ती लस घेते. निळ्या व्हॅक्सीन कॅरियरमध्ये चार आइसपॅक बसतात. फ्रीजरमधून काढलेले पॅक तसेच घातले तर काही लसी गोठून निकामी होतात, म्हणून ती ते बाहेर ठेवते, त्यांना घाम सुटू देते, आणि मग एकेक पॅक कानाशी धरून हलवते. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की पॅक योग्य झाला. दोन ते आठ अंश तापमान तिला असं कानाने साधावं लागतं. भट्टीवर पोचल्यावर घाई असते, कारण बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस एकदा विरघळवली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. आई चिखल तुडवत असते, बाप विटा वाहत असतो, आणि मुकादमाला काम थांबलेलं नको असतं. इंजेक्शन दिल्यावर मुलाला ताप येईल, उद्या आईची हजेरी बुडेल, हे सांगून समजावण्याचं कामही तिचंच. परत आल्यावर रजिस्टर, मग मोबाइलवर तीच माहिती, मग अहवाल.

बाळंतपणाचं म्हणाल तर बहुतेक केसेस आता आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात होतात. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली, आशा कार्यकर्त्या आल्या, जानेवारी २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. या तिन्हींनी फरक पाडला. पण मूल काही ऑफिसची वेळ पाहून जन्माला येत नाही. बाळ झाल्यावर मिनिटाभरात आईला १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, ते रक्तस्राव रोखतं. ते मिळालं नाही आणि रक्त वाहू लागलं तर दोन-तीन तासांत खेळ आटोपतो. हे इंजेक्शन द्यायला डॉक्टर लागत नाही, शिकलेला हात लागतो, आणि तो त्या रात्री तिथं हजर असावा लागतो. शासन सेविकेने मुख्यालयी राहावं असा आग्रह धरतं तो यासाठी, आणि आग्रहामागचा हेतू रास्तच आहे.

घोटाळा पुढे आहे. मुख्यालयी राहायचं म्हणजे उपकेंद्रात. उपकेंद्राची इमारत गावाबाहेर, कारण गावाने जागा दिली ती गायरानाची किंवा ओढ्याकाठची. दोन खोल्यांचं क्वार्टर, पावसात गळणारं, कधी पाणी नाही, कधी दाराला धड कडी नाही. तिथं एकट्या बाईने राहायचं. अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रातल्या एएनएमच्या कामाचा अभ्यास केला. एकटेपणा, असुरक्षितता, गावातल्या पुरुषांकडून होणारा त्रास आणि वरून येणारा उद्दिष्टांचा तगादा, हे सारं त्यात नोंदलेलं आहे. तीस वर्षांनंतर कुठल्याही सेविकेशी मोकळेपणाने बोला, याच गोष्टी निघतात. रात्री-अपरात्री दार वाजलं तर बाहेर कळा देणारी बाई आहे की दारू प्यालेला कुणी आहे, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. दार उघडायची जबाबदारी मात्र तिचीच.

मग ती काय करते? बदलापुरात किंवा कल्याणला भाड्याने राहते, मुलांना तिथल्या शाळेत घालते आणि रोज ये-जा करते. कागदोपत्री ती गावात राहते. कर्मचारी गावातच राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणण्याची अट शासनाने घातली. सरपंचाला खरं काय ते माहीत असतं, सेविकेला माहीत असतं, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही माहीत असतं. सगळे मिळून एका खोट्यावर सही करतात आणि त्या खोट्याची किंमत रात्री कळा आलेली बाई मोजते. माझ्या मते या नियमाने जितकं नुकसान केलंय तितकं रिकाम्या पदांनीही केलेलं नाही. पद रिकामं असेल तर निदान दिसतं तरी.

पैशाचा हिशेबही पाहा, कारण तो फार बोलका आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. जानेवारी २०१९ पासून सातव्या वेतन आयोगानुसार एक्स वर्गाच्या शहरांना मूळ वेतनाच्या २४ टक्के, वाय वर्गाला १६ आणि झेड वर्गाला ८ टक्के असे दर लागू झाले. जनगणनेच्या दृष्टीने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही बृहन्मुंबई नागरी समूहात मोडतात, म्हणजे एक्समध्ये. खेडं झेडमध्ये. आरोग्य सेविकेचं सुरुवातीचं मूळ वेतन २५,५०० रुपये. २०१९ च्या शहरी दराने तिचा भत्ता ६,१२० व्हायचा, खेड्याच्या दराने २,०४०. महिन्याला ४,०८० रुपयांचा फरक, आणि तोही सुरुवातीच्या वेतनावर. महागाई भत्त्याबरोबर हे टक्के वाढले की तफावतही वाढते. शहराला अगदी लागून असलेल्या गावांसाठी नियमांत काही सवलती आहेत, पण तत्त्व बदलत नाही. आणि तिने खरोखरच गावातलं सरकारी क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता बंद. जी अडचणीत राहील तिच्या हातात कमी पडतं आणि जी फलाट ओलांडून मुंबईच्या गाडीत बसेल तिच्या हातात जास्त. अशा व्यवस्थेत नर्स शहराकडे सरकली तर तिला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे?

ज्यांना हे नियमित वेतन मिळतं त्या तरी भाग्यवान. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून उपकेंद्रांना दुसरी एएनएम मिळाली, पण कंत्राटी. अलीकडच्या जाहिरातींत कंत्राटी एएनएमचं मानधन महिना १८,००० आणि स्टाफ नर्सचं २०,००० असतं. काम तेच, रजिस्टर तेच, टेबल शेजारचं. पगार मात्र वेगळा आणि नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. २०१८ नंतर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आले, तेही कंत्राटी, २५,००० अधिक कामानुसार १५,००० या हिशेबाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा गावोगावची उपकेंद्रं ओस पडली. मार्च २०२४ मध्ये शासनाने दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित सेवेत घेण्याचा निर्णय काढला. त्याआधी मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने संप केला होता, त्यातली मुख्य मागणी भरती बाहेरच्या कंपनीमार्फत करू नका ही होती. संपामुळे रुग्णांचे हाल होतात हे खरंच. पण दहा वर्षं एकाच गावात काम करून जिला पुढच्या अकरा महिन्यांची खात्री नाही, तिने दुसरं काय करायचं?

या पट्ट्यात आणखी एक गंमत नव्हे, अडचण आहे. एकाच नर्ससाठी चार मालक रांगेत उभे असतात. उपकेंद्राची सेविका जिल्हा परिषदेची. बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयातली किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातली अधिपरिचारिका राज्याच्या आरोग्य सेवेची. अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय एके काळी नगरपालिकेचं, पुढे राज्याकडे गेलं. महापालिकांची भरती निराळी. वर खासगी रुग्णालयं, आणि सगळ्यांच्या पलीकडे आखाती देश नि युरोप. या रांगेत जिल्हा परिषदेचा गावातला सौदा सगळ्यात वाईट. दरवर्षी मे महिन्यात समुपदेशनाने बदल्या होतात, तेव्हा यादीतलं रेल्वेलगतचं गाव सगळ्यात आधी संपतं.

ये-जा करणाऱ्या नर्सवर भिस्त ठेवली की काय होतं हे २७ जुलै २०१९ च्या सकाळी चामटोलीजवळ दिसलं. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. नौदल, एनडीआरएफ, हेलिकॉप्टर सगळं आलं आणि सर्वजण सुखरूप बाहेर पडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच पाण्याने रूळ बंद पडले की बदलापुरात राहणारी सिस्टर वांगणीच्या बाजूला पोचू शकत नाही. मोठा पाऊस दरवर्षी येतो, हेलिकॉप्टर येत नाही.

उपाय नाहीत असं नाही, आणि पहिला आपल्याच राज्यात सापडला. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांनीही शिकलेल्या नर्स खेड्यात नेमून पाहिल्या. एकटी, परकी, तरुण मुलगी खेड्यात रुळेना आणि गावही तिच्यापाशी मोकळं होईना. तेव्हा आरोळे दांपत्याने गावातलीच बाई निवडून तिला शिकवलं, आणि नर्सला फिरत्या पथकात घेतलं. नर्स एकटी राहिली नाही, तिच्यासोबत चार माणसं असायची, आणि गावात तिची वाट पाहणारी ओळखीची बाई असायची. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून देशाने गावातली आरोग्य कार्यकर्ती घेतली. नर्सला एकटं पाडू नका हा धडा मात्र घेतला नाही.

थायलंडने तो घेतला. ग्रामीण प्रांतांतल्या मुली निवडायच्या, त्यांना प्रांतातल्याच सरकारी नर्सिंग कॉलेजात शिकवायचं आणि शिकून झाल्यावर आपल्याच भागात कायम पदावर नेमायचं, असं त्यांनी अनेक वर्षं केलं. पुढे कायम पदं देणं आखडलं तेव्हा तिथल्या तरुण नर्सही अस्वस्थ झाल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. पश्चिम बंगालने दुसरी एएनएम निवडताना त्याच उपकेंद्राच्या परिसरातली मुलगी घेतली, पंचायतीच्या मार्फत. छत्तीसगडने २००९ च्या सुमारास केंद्रांची कठीण, अतिकठीण अशी वर्गवारी केली आणि अडचणीप्रमाणे जादा पैसे दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये देशोदेशीचे अनुभव तपासून शिफारशी केल्या. त्यांचा रोख असा की खेड्यातून आलेली विद्यार्थिनी खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त, आणि नुसता पैसा किंवा नुसती सक्ती पुरत नाही. घर, सुरक्षितता, बढती, मुलांची शाळा हे सगळं बरोबरीने द्यावं लागतं.

महाराष्ट्रानेही यातलं काही केलं आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली आरोग्य सेविकेसह अनेक पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायचं ठरलं. विचार अगदी बरोबर होता. पण ठाणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र म्हणजे शहापूर तालुका आणि मुरबाड-भिवंडीतली काही गावं. अंबरनाथ तालुका त्यात नाही. बारवी धरणाच्या अलीकडची ठाकरवाडी आणि पलीकडची ठाकरवाडी यांत डोंगर तोच, गरिबी तीच; एकीची सिस्टर जादा वेतनाला पात्र ठरू शकते, दुसरीची नाही. शहराजवळ असणं हे या वाड्यांचं दुर्दैव ठरलं.

आणि जिथं नियम लागू आहे तिथं भरतीच वेळेवर होत नाही. जिल्हा परिषदांची २०१९ मधली जाहिरात वर्षानुवर्षं रखडून शेवटी रद्द झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात निघाली. त्यातली अनुसूचित क्षेत्रातली पदं न्यायालयीन वादामुळे अडली आणि २०२४ मध्ये तात्पुरत्या मानधनावर नेमणुकांचा मार्ग काढावा लागला. २०१९ मध्ये अर्ज भरलेली मुलगी या काळात काय करते? एखाद्या नर्सिंग होममध्ये मिळेल त्या पगारावर रात्रपाळी करते, लग्न होतं, शहरात संसार थाटते. पाच वर्षांनी गावाचा आदेश हातात पडतो तेव्हा ती गावची राहिलेली नसते. आपल्या दिरंगाईनेच आपण गावातली नर्स शहराला देऊन टाकतो.

ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मला तीन-चार गोष्टी आजच्या आज करता येण्यासारख्या दिसतात. एकट्या सेविकेने उपकेंद्रात राहायची सक्ती सोडावी; आरोग्य केंद्राच्या आवारात चार-सहा जणींची चांगली, कुंपणाची, पाण्याची वसाहत बांधावी आणि रात्रपाळी वाटून घ्यावी. तिथून वाडीवर जायला रात्री गाडी असावी. जी तिथं राहील तिला क्वार्टर मिळूनही शहरी दराने भत्ता द्यावा. आणि एएनएमच्या शासकीय प्रशिक्षण केंद्रांत या वाड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृहासकट जागा राखून ठेवाव्यात, प्रवेश देतानाच नेमणुकीचं उपकेंद्र नाव घालून सांगावं. या अभ्यासक्रमाला बारावी लागते. बारावी झालेली मुलगी कुठल्या घरात आहे, तिचं लग्न ठरलंय का, तिला पुढे शिकायचंय का, हे वाडीच्या आशाताई रजिस्टर न उघडता सांगतात. प्रवेशाचे अर्ज निघायच्या महिनाभर आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ही नावं त्यांच्याकडूनच मागवावीत.